हिंसेच्या कलमाखाली

कॉल्टन फोर्क, ओहायो
६ मार्च

प्रिय टेसा,

तुझा मामा हिंसक माणूस आहे. हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणतं. काल सकाळी कॉफी घेऊन बसलो तर पडद्यावर पाटी: 'हिंसेला चिथावणी दिल्याबद्दल आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे.' ही तिसरी खेप.

मी लिहिलं काय होतं ते ऐक. बातमी होती की आता बोलणारा फ्रीज निघालाय. दार उघडलं की तो म्हणतो, 'आज तुम्ही तिसऱ्यांदा चीज घेताय.' मी लिहिलं, 'माझ्या बायकोने हेच काम तीस वर्षं फुकटात केलं. असला फ्रीज माझ्या दारात आला तर हातोड्याने त्याचं टाळकं फोडीन.' झालं. फ्रीजच्या जिवाला धोका!

त्याच पानावर खाली एक व्हिडिओ आहे. चार जण एका दारुड्याला पुलाखाली लाथा घालतायत, आणि खाली दीड लाख लोकांनी हसरे चेहरे डकवलेत. मी तक्रार केली. उत्तर आलं, 'आमच्या नियमांचा भंग झालेला आढळला नाही.' म्हणजे माणसाच्या डोक्यात लाथ घातलेली चालते, फ्रीजच्या नाही. माणसाला वॉरंटी नसते म्हणून असेल.

बाकी गाव ठीक. शाळेच्या समितीने ग्रंथालयातून अकरा पुस्तकं काढली. त्यातल्या एकात एक मुलगी आंघोळीसाठी कपडे उतरवते म्हणे. त्याच बैठकीत फुटबॉल संघाच्या निधीसाठी सोडत ठरली, पहिलं बक्षीस रायफल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग प्रार्थना केली. आपल्याकडे बोलण्याचं स्वातंत्र्य इतकं आहे की लोक ते ट्रकच्या मागे चिकटवून फिरतात. तुम्ही बोललात तर तोच ट्रक अंगावर घालतात.

आणि खरी बातमी. गावाने चाळीस कॅमेरे विकत घेतले. खांबांवर बसणार, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर वाचणार, चोरीची गाडी दिसली की आपण होऊन पोलिसांना बोलावणार. विकणारा कोण, तर लोनी स्टॅम्पर. आपल्या उपशेरीफचा सख्खा मेव्हणा. मी याच्यावर लिहायला घेतलं आणि खातं बंद. बरंय. वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा त्यांचं जुनं छपाईयंत्र मी भंगारातून उचलून आणलं होतं, ते शेडमध्ये आहे. आता दर शनिवारी दोनशे पत्रकं छापतो आणि डॉटीच्या खानावळीत ठेवतो. कागदाला खातं लागत नाही.

माझं खातं ज्यांनी बंद केलं, तू तिकडे टँपात त्याच लोकांच्या 'सुरक्षा विभागात' आहेस ना? वरच्या कुणाला तरी विचार, या म्हाताऱ्याला कोणत्या शहाण्याने हाकललं. फोन नको करूस. उजवा कान गेलाय आणि डावा सामान बांधतोय.

तुझा,
एल्डन मामा


टँपा, फ्लोरिडा
१५ मार्च

प्रिय मामा,

पत्र वाचून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

तुझ्या खात्याचं विचारलं. ते सगळं यंत्रच ठरवतं म्हणाले, माणसाचा हात लागत नाही. त्यामुळे कुणाला काही करता येणार नाही. माझं काम तुला वाटतं तसं वरचं नाहीच. किरकोळ आहे. आलेल्या चित्रांची वर्गवारी करायची, ही या गठ्ठ्यात, ती त्या गठ्ठ्यात. पगार बरा आहे, एसी गार आहे, फोन मात्र आत नेता येत नाही. साधा कागद आणि पेनही नाही.

मी ठीक आहे. फक्त गेल्या रविवारी मैत्रिणीकडे अंगणात मांस भाजत होते, तो वास आला आणि मी गाडीत जाऊन बसले. पोट बिघडलं असेल. आमच्या मजल्यावर एकाने परवा कामाच्या मध्येच पडद्यावर ठोसा मारला. हाताची दोन हाडं मोडली. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा पडदा आणि नवा माणूस.

मामा, तू ती पत्रकं वाटणं थांबव. तुला गंमत वाटते, पण ज्यांच्यावर लिहितोस त्यांना वाटत नाही. लोक काय करू शकतात ते तुला माहीत नाही. आई असती तर तिनेही हेच सांगितलं असतं.

तुझी,
टेसा


कॉल्टन फोर्क
२ एप्रिल

प्रिय टेसा,

'लोक काय करू शकतात ते तुला माहीत नाही.' पोरी, मी या गावात अडुसष्ट वर्षं काढली. तू एसीत बसून चित्रं लावतेस आणि मला जग शिकवतेस! रूथीचं नाव मध्ये आणू नकोस. तुझी आई माझ्यापेक्षा तिखट होती.

आता ऐक. कॅमेऱ्यांनी कामाला सुरुवात केली. पहिलाच मोठा गुन्हेगार पकडला, तो म्हणजे वेंडेल प्रुइट. हो, आपला वेंडेल, टीव्ही दुरुस्त करणारा. वय सत्तर. त्याच्या गाडीच्या नंबरातला आठ कॅमेऱ्याने बी म्हणून वाचला. त्या नंबरची गाडी केंटकीत चोरीला गेली होती. भर दुपारी, बायकोसाठी औषधं घेऊन येत होता. दोन गाड्या आडव्या आल्या. उपशेरीफ बंदूक रोखून ओरडला, 'हात वर!' वेंडेलने हात वर केले. मग ओरडला, 'पट्टा सोड, बाहेर ये!' आता हात वर ठेवून पट्टा कसा सोडायचा? वेंडेलने एक हात खाली घेतला. त्यांनी काचेतून त्याला बाहेर ओढला. दार उघडलंच नाही, काचेतून ओढला. उजवा हात मागे पिरगळला तेव्हा कोपरातून आवाज आला, तो रस्त्यापलीकडच्या बाईने ऐकला. हाड बाहेर आलं होतं. औषधांच्या बाटल्या रस्त्यावर फुटल्या आणि त्या काचांवर त्याचं तोंड दाबून धरलं, पाच मिनिटं. तोवर कुणीतरी आठ आणि बी मधला फरक ओळखला.

उपशेरीफ म्हणाला, 'सॉरी, वेंडेल. यंत्राची चूक.' यंत्राने काही म्हटलं नाही.

मी हे सगळं छापलं. नावानिशी. विनोद एकच केला: 'गावाच्या सुरक्षेसाठी आणलेल्या यंत्राला पहिली इयत्ता पास व्हायची आहे.' तीनशे प्रती तासात संपल्या. डॉटी म्हणाली, लोक नाश्ता खाण्याआधी पत्रक वाचतायत.

मंगळवारी लोनी स्टॅम्पर खानावळीत माझ्या टेबलाशी आला. बसला नाही, उभाच राहिला.

'एल्डन, तुझ्यामुळे शेजारच्या दोन गावांनी माझी ऑर्डर मोडली.'

'माझ्यामुळे नाही रे. आठमुळे.'

'फार बोलतोस तू.'

'त्याचं सरकारी संरक्षण आहे मला. तुझ्याच ट्रकवर चिकटवलंय, वाच.'

सगळे हसले. लोनी हसला नाही. माझ्या कॉफीत त्याने बोट बुडवलं, हळूच ढवळलं आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी पत्रपेटी खांबासकट आडवी होती, छर्र्यांनी तिची चाळण झालेली. शेरीफच्या कचेरीत गेलो. म्हणाले, 'पोरासोरांचं काम असेल, हरणांच्या शिकारीचा मोसम आहे.' मी म्हटलं, 'एप्रिलमध्ये?' तर म्हणाले, 'तुमच्यासमोरचा कॅमेरा देखभालीसाठी बंद होता.'

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. पत्रं आता टपाल कचेरीतून घेतो. शनिवारचा अंक तयार आहे.

तुझा,
एल्डन मामा


टँपा
२१ एप्रिल, दुपारी चार, गाडीत

मामा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही माहीत नाही. तू आहेस की नाही हेही माहीत नाही. डोक्यातलं विसरायच्या आत लिहून काढते. याची दुसरी प्रत तुझ्या जिल्ह्याच्या सरकारी वकिलांना पाठवतेय.

मी चित्रांची वर्गवारी करत नाही. मी व्हिडिओ बघते. रोज आठशे. लोक ज्याची तक्रार करतात ते सगळं: मारहाण, गळफास, जाळलेली माणसं, कुत्री, लहान मुलं. ठेवायचं की पुसायचं हे काही सेकंदांत ठरवायचं. ओहायो, केंटकी आणि आसपासच्या तक्रारी आमच्या मजल्यावर येतात. आज एक वाजून दहा मिनिटांनी माझ्या पडद्यावर तू आलास.

व्हिडिओ बावन्न सेकंदांचा आहे. जागा दाणापेंडीच्या दुकानामागची, बर्फाच्या पेटीजवळची. ऊन आहे. तुझ्या अंगावर ते तपकिरी जाकीट. दोघे मारतात, तिसरा चित्रण करतो, तो दिसत नाही. पहिला उंच, लाल दाढी. त्याच्या डाव्या बुटाचं चामडं पुढून फाटलंय आणि आतलं पोलाद दिसतं. त्याच बुटाने तो तुझ्या बरगड्यांत मारतो, सहा वेळा. दुसरा बुटका, उजव्या हातावर माशाच्या गळाचं गोंदण. तो तुझ्या छातीवर बसतो आणि तुझी पत्रकं चुरगळून तुझ्या तोंडात कोंबतो. म्हणतो, 'छाप ना! छाप आता!' तू मान फिरवतोस तर तो दोन्ही अंगठे तुझ्या जबड्यात घालतो. एक दात कागदाबरोबर बाहेर येतो. अडतिसाव्या सेकंदाला लाल दाढीवाला वर बघून विचारतो, 'लोनी, नीट येतंय ना?' आणि चित्रण करणारा म्हणतो, 'चेहऱ्यावर घे. चेहऱ्यावर.' मग ती लाथ डाव्या डोळ्यावर. मागे करडा ट्रक. उजव्या दिव्याला लाल चिकटपट्टी, नंबरचे शेवटचे आकडे ७१४. शेवटच्या पाच सेकंदांत तू हलत नाहीस.

खाली लिहिलंय: 'सेन्सॉरशिप, गावठी पद्धत.' चार हजार लोक हसले होते.

पोलिसांकडे पाठवायचं एक बटण असतं. मी ते दाबलं. आमची पर्यवेक्षक ग्लेंडा मागे येऊन उभी राहिली. 'कुणी मेलेलं दिसत नाही, टेसा. हे पोलिसांत जात नाही. पूस आणि पुढे चल. तुझी सरासरी घसरतेय.'

मी म्हटलं, 'हा माझा मामा आहे.'

तिने पडद्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, 'मग तर तू निर्णय घेऊच शकत नाहीस. हितसंबंध येतात.' आणि माझ्या खांद्यावरून हात घालून तिने स्वतः पुसला. पुसण्याआधी मी तो अकरा वेळा पाहिला होता. मी खुर्ची उचलून पडद्यात घातली. दोन रखवालदारांनी मला हाताला धरून बाहेर आणून सोडलं.

आता दुसरं. तुझं खातं यंत्राने बंद केलं नाही. मी केलं. दोनदा तुझी तक्रार माझ्यासमोर आली तेव्हा मी सोडून दिली, ती दोन्ही वेळा दुसऱ्या कुणी तरी बंद केली. तिसऱ्या वेळी ग्लेंडा शेजारी होती. 'हातोड्याने टाळकं फोडीन', नियमात बसत होतं. मी वाचून मनातल्या मनात हसले आणि बटण दाबलं. आणि पुलाखालचा तो दारुडा, तोही माझ्याकडेच आला होता. तो मी ठेवला. त्या दिवशी दुपारनंतर मला काही वाटतच नव्हतं.

तुझा फोन कुणी उचलत नाही. हॉस्पिटलवाले फोनवर काही सांगत नाहीत. हे पेटीत टाकते आणि गाडी थेट उत्तरेला काढते. उद्या सकाळी तिथे असेन.

टेसा


कॉल्टन फोर्क
१० मे

टेसा पोरी,

वेंडेल लिहितोय. डाव्या हाताने, म्हणून अक्षर कोंबडीचं. तू नऊ दिवस एल्डनच्या उशाशी बसलीस. तो शुद्धीवर आला तेव्हा तुझा हात धरून रडला, हे मी पाहिलंय. मग कंपनीच्या वकिलांनी तुला परत बोलावलं आणि तू गेलीस. त्या पत्राचं तू त्याला सांगितलं नव्हतंस.

ते पत्र टपाल कचेरीत पडून होतं. काल मी आणलं. त्याच्या डोळ्यावर पट्टी, तो म्हणाला, 'वाच.' मला काय ठाऊक आत काय आहे! मी वाचत गेलो. मारहाणीचं त्याने शांतपणे ऐकलं. खात्याचं आलं तेव्हा म्हणाला, 'परत वाच.' मी परत वाचलं. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. रात्रीचं सूपही परत पाठवलं.

डावा डोळा गेला. तीन बरगड्या मोडल्या, जबड्यात तार आहे. त्या दोघांना पकडलंय. सरकारी वकिलांच्या हाती तुझी प्रत पडली आणि त्यांनी आमच्या शेरीफला बाजूला ठेवून राज्याचे पोलीस बोलावले. तो फाटका बूट लाल दाढीवाल्याच्या घरात सापडला, शिवणीत रक्त होतं. लोनी म्हणतो मी तिथे नव्हतोच. व्हिडिओ कुठेच नाही. कंपनी म्हणते पुसलेलं परत मिळत नाही. म्हणजे त्याच्याविरुद्ध आहे ते फक्त तुझं पत्र.

तू त्याला लिही. नको, थांब. त्याला लिहू दे.

वेंडेल प्रुइट


कॉल्टन फोर्क
१९ मे

टेसा,

वेंडेल म्हणतो तुझे आभार मानायला हवेत. मानतो.

मार खाताना मला एवढंच वाटत होतं की हे जनावरांचं काम आहे, माझं माणूस कुठेतरी दुसरीकडे आहे. एसीत बसून चित्रं लावतंय. आता तेवढंही राहिलं नाही. लोनीने कागद माझ्या तोंडात कोंबायला लावले. तू त्याच्या आधीच माझं तोंड बंद केलं होतंस, आणि हसलीस म्हणतेस.

साक्षीला यायची गरज नाही. तुझी नोकरी तर गेलीच, आता आतलं बाहेर न सांगण्याचा करार मोडल्याबद्दल घरही जाईल. माझ्यासाठी काही करू नकोस. लिहूही नकोस.

एल्डन


टँपा
२ जून

मामा,

नको म्हणालास तरी लिहितेय.

आज कंपनीचे दोन वकील आले होते. चांगले कपडे, गोड बोलणं. म्हणाले, 'तुम्ही आत पाहिलेलं बाहेर बोलणार नाही असं लिहून दिलंय. साक्ष दिलीत तर दावा लावू. गप्प राहिलात तर उपचारांचा खर्चही देऊ, तुमच्या झोपेच्या त्रासाचा.' मी विचारलं, 'त्रास आहे हे तुम्हाला कसं ठाऊक?' एक म्हणाला, 'सगळ्यांनाच असतो.'

मी त्यांना दार दाखवलं.

तू मला माफ करावंस म्हणून मी येत नाहीये. पुलाखालचा तो माणूस कोण होता हे मला कधीच कळणार नाही. त्याच्यासाठी मी काही करू शकत नाही. तुझ्यासाठी करू शकते, म्हणून येणार. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. कोर्टात कुठेतरी मागे बसेन.

टेसा


कॉल्टन फोर्क
१४ ऑक्टोबर

प्रिय टेसा,

कोर्टात आपण बोललो नाही. तू साक्ष दिलीस, दारापाशी माझ्याकडे एकदा बघितलंस आणि गेलीस. मी टोपी हातात धरून उभा राहिलो. वेंडेल मला कोपराने ढोसत होता, डाव्या. तरी माझे पाय हलले नाहीत.

लोनीच्या वकिलाने तुला विचारलं होतं, 'बाई, तुम्ही रोज आठशे व्हिडिओ बघत होता. मग हाच एक इतका बारकाईने कसा आठवतो? मामा होता म्हणून रंगवून सांगताय ना?' आणि तू म्हणालीस, 'नाही. सगळेच आठवतात.' मग त्याने न विचारताच तू सांगायला लागलीस. पुलाखालच्या माणसाचा मोजा कोणत्या रंगाचा होता. जळणाऱ्या बाईने कोणाचं नाव घेतलं. न्यायाधीशांनी थांबवलं तरी तुझे ओठ हलतच होते. ज्युरीतली एक बाई रडत होती. मी तेव्हा रडलो नाही. घरी येऊन शेडमध्ये बसलो आणि रडलो. पोरी, मी तुला फ्रीजचे विनोद लिहून पाठवत होतो, आणि तू हे सगळं डोक्यात घेऊन मला उत्तरं लिहीत होतीस.

निकाल तू बातम्यांत वाचला असशील. शिक्षा काल सुनावली. लाल दाढीवाल्याला सात वर्षं, गोंदणवाल्याला सहा. लोनीला नऊ, कारण ते दोघे शेवटी त्याच्यावर उलटले. म्हणाले, त्याने शंभर-शंभर डॉलर आणि बिअरची पेटी दिली होती. स्वस्तात गेलो म्हणायचं. उपशेरीफने राजीनामा दिला आणि दुसऱ्या गावात नोकरी धरली. कॅमेरे आहेत तिथेच आहेत. आठला अजून बी वाचतात.

शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीशांनी मला विचारलं, 'काही बोलायचंय?' अख्खं गाव आलेलं. डॉटीने खानावळ बंद ठेवली होती. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, म्हातारा आता काय टोला हाणतो म्हणून. मी आठवडाभर तयारी केली होती. खिशात दोन पानं होती, एकेक वाक्य घासूनपुसून धार लावलेलं. लोनीची आई पहिल्या रांगेत होती, चर्चला घालते तो निळा झगा घालून. लोनी मान खाली घालून बसला होता, त्याच्या मानेवर घाम आला होता.

मी उभा राहिलो. पानं काढली. एका डोळ्याने वाचता येत नाही असं नाही, येतं. पण वाचली नाहीत. मी म्हणालो, 'मला खूप लागलं. मी फार घाबरलो होतो. मी आईला हाका मारत होतो, ते तोंडात कागद असल्यामुळे कुणाला ऐकू आलं नाही.'

एवढंच बोललो आणि खाली बसलो. कुणी हसलं नाही.

कंपनीचा दावा लागला तर लागू दे. वरची खोली रिकामी आहे, तुझ्या आईचीच. शनिवारी वेंडेल आणि मी तुझं सामान आणायला ट्रक घेऊन निघतोय. तो गाडी चालवेल. मी शेजारी बसेन. आपल्याला वाटेत पंधरा तास मिळतील. तुला सांगावंसं वाटलं तर एकेक सांग, मला डाव्या कानाने अजून ऐकू येतं. मी पुसणार नाही.

तुझा,
एल्डन मामा